बाळ हलतंय म्हणे. बाबाला कधी कळणार?

काठावरचा

पहिलंच बाळ आहे. एकविसावा आठवडा चालू आहे. घरी आम्ही दोघेच, दोघेही नोकरी करणारे, आणि यातलं दोघांनाही आधी ओ की ठो माहीत नव्हतं. आता तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत आहे आणि ते तिने कुठेही वाचलेलं नाही. माझी पंचाईत तिथेच आहे.

तिला हालचाल कळायला लागली आहे. आधी म्हणाली गॅस असेल. मग म्हणाली, नाही, हे वेगळं आहे. आता कपडे वाळत घालता घालता मध्येच तिचा हात थांबतो, चिमटा बोटांत तसाच उघडा राहतो, नजर कुठेच नसते. मला कळतं, हललं. मी हातातलं टाकून धावतो, पोटावर हात ठेवतो. काही नाही. ती म्हणते, "आत्ताच होतं रे." तुझा हात गार असतो म्हणून ते गप्प बसतं, असं तिचं मत. हात चोळून, गरम करूनही पाहिलं. तेव्हाही काही नाही.

मी हिशेब तपासणारा माणूस. मग मी काय करतो, तर रिपोर्ट वाचत बसतो. मोठी सोनोग्राफी नुकतीच झाली, ती अॅनोमली स्कॅन म्हणतात ती. डोक्याची रुंदी ४८ मिलिमीटर, मांडीचं हाड ३३ मिलिमीटर, ठोके मिनिटाला १४८. मला सगळं पाठ आहे. बायकोला विचाराल तर ती सांगेल, "चांगलं आहे म्हणाल्या."

पण त्याच कागदावर लिहिलंय की प्लासेंटा अँटीरियर आहे, शिवाय लो लाइंग आहे, खालची कड गर्भाशयाच्या तोंडापासून दीड सेंटिमीटरवर. ३२ आठवड्यांना पुन्हा बघायचं. डॉक्टर म्हणाल्या काळजी नको. बायको निवांत झोपते. मी छताकडे बघत पडतो. त्यात प्रसूतीच्या तारखाही दोन दिल्यात, पाळीवरून एक आणि सोनोग्राफीवरून दुसरी, मध्ये चार दिवसांचा फरक. आमच्या धंद्यात चार दिवसांच्या फरकावर लोकांना नोटिसा जातात.

हे दीड सेंटिमीटर कितपत मनावर घ्यायचं? खरी तारीख कुठली? माझ्या हाताला कधी लागणार? एवढं कोणी सांगितलंत तर बरं होईल. आणि अजून एक, जे डॉक्टरांना विचारता येत नाही. परवा ती सहज म्हणाली, "तुला आनंद झालाय ना रे?" मी हो म्हणालो. पण खरं सांगायचं तर बातमी कळली आहे, बाळ आहे हे अजून कळलेलं नाही. बाकीच्या बाप लोकांना हे कळतं तरी कधी?

दोनदा_आई

अँटीरियर म्हणजे वार (तेच ते प्लासेंटा) पुढच्या बाजूला, पोटाकडच्या भिंतीला चिकटलेली. बाळाची लाथ आधी वारेवर बसते, उशीवर गुद्दा मारावा तशी. बाहेर काय येणार, कप्पाळ? यात काळजीचं काही नाही. वार पुढे असणं हाही एक नॉर्मल प्रकारच आहे.

माझ्या पहिल्या वेळी असंच होतं. मला स्वतःलाच बाविसाव्या आठवड्यापर्यंत धड कळत नव्हतं. दुसऱ्या वेळी वार मागे, तर सतराव्यातच गुदगुल्या सुरू. तुमच्या बायकोला विसाव्या-एकविसाव्यात कळलं, म्हणजे पहिलटकरणीच्या मानाने अगदी वेळेवर. नवऱ्याच्या हाताला लागायला त्यापुढे आणखी काही आठवडे जातात. चोवीस-पंचवीसच्या पुढे धरून चाला, वार पुढे असली तर त्याहून उशिरा. आणि हात पोटाच्या मधोमध नका ठेवू, खाली किंवा कडेला ठेवा, रात्री ती आडवी झाल्यावर. दिवसा आपण कामात असतो, बारीकसारीक हालचाल आपल्यालाच जाणवत नाही, तुम्हाला काय लागणार.

आणि भाऊ, दर तासाला "हललं का?" विचारत असाल तर ते आधी बंद करा. आमचे हे विचारायचे. मी दिवसभर मजेत असायची, यांनी विचारलं की मग माझ्या पोटात गोळा, की अरे खरंच, सकाळपासून हललं का?

रात्रपाळी

मी प्रसूती विभागात नर्स आहे. तुमच्या बायकोला तुमच्या डॉक्टरांनी तपासलंय, मी नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

वारेची कड तोंडापासून २ सेंटिमीटरच्या आत असली की लो लाइंग लिहितात. तोंडच झाकत असेल तर त्याला प्रीव्हिया म्हणतात. ते तुमचं नाही. विसाव्या आठवड्याला अशी खाली दिसलेली वार बहुतेक बायकांमध्ये बत्तिसाव्यापर्यंत वर गेलेली असते. म्हणजे वार उठून चालू लागत नाही हो. गर्भाशयाचा खालचा भाग पुढच्या महिन्यांत ताणून वाढतो, त्यामुळे कड आणि तोंड यांतलं अंतर वाढतं. म्हणून ३२ चा स्कॅन. तेव्हाही खालीच दिसली तर ३६ च्या आसपास पुन्हा बघतात आणि मग प्रसूती कशी करायची ते ठरवतात. फारच जवळ असली तर सिझेरियन.

तोवर एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. रक्त दिसलं, थोडंसं का असेना, दुखत असो वा नसो, तडक हॉस्पिटल. वारेचा रक्तस्राव बऱ्याचदा अजिबात दुखत नाही. दुखत नाही म्हणून सकाळपर्यंत थांबलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. शरीरसंबंध आणि प्रवास यांबद्दल लाजत न बसता डॉक्टरांना सरळ विचारा, प्रत्येकीला वेगळं सांगतात.

तारखेचं म्हणाल तर पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस धरतात. म्हणजे पहिले दोन आठवडे बाळ नसतंच, तरी मोजलेले असतात. पहिल्या तिमाहीत बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून जी तारीख ठरली असेल ती सर्वांत भरवशाची. एकदा ठरली की पुढच्या स्कॅनमध्ये मशीन काहीही छापो, ती बदलत नाहीत. विसाव्या आठवड्यात चार दिवसांचा फरक म्हणजे काहीच नाही. आणि तारीख कुठलीही घ्या, वीस बाळांत एखादंच ती पाळतं. कोणालाही नोटीस पाठवू नका.

हालचालीचं मात्र शिकून ठेवा. चोवीस आठवडे पूर्ण होऊन एकदाही जाणवली नसती तर दाखवायला सांगितलं असतं. तुमच्याकडे तो प्रश्न नाही. अठ्ठावीसच्या पुढे प्रत्येक बाळाची आपली एक रोजची तऱ्हा बसते. ती बिघडली, कमी वाटली, तर त्याच दिवशी जायचं, दुसऱ्या दिवशी नाही. घरी ठोके ऐकायचं यंत्र घेऊ नका. तुम्ही नक्की घेणाऱ्यांतले वाटता म्हणून आधीच सांगते. त्यात आईचेच ठोके ऐकून लोक निर्धास्त होतात. आणि बाळाचे ऐकू आले, तरी तेवढ्यावरून बाळ ठीक आहे असं म्हणता येत नाही.

जुनं_खोड

माझी लेक आता चाळिशीपुढे आहे. तिच्या वेळी मी दवाखान्याच्या दाराबाहेर उभा असायचो. आत काय झालं ते बायको घरी येऊन सांगायची, तेही मी विचारलं तर. ग्लासगोच्या डॉक्टर इयान डोनाल्ड यांचा सोनोग्राफीवरचा गाजलेला निबंध लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला तो १९५८ साली. त्याआधीच्या समस्त बापांना मांडीच्या हाडाची लांबी माहीत नव्हती आणि तरी त्यांना पोरं झाली.

आनंदाचं विचारलंत म्हणून सांगतो. हातात दिली तेव्हाही मला फारसं काही वाटलं नाही. लालभडक, डोळे सुजलेले. सगळे म्हणत होते बापावर गेली आहे, ते तर अजिबातच आवडलं नाही. पुढे एका रात्री ती माझ्या धुतलेल्या शर्टावर भडाभडा ओकली आणि तिथेच खांद्यावर झोपली. त्यानंतर ती मला माझी वाटायला लागली. तुम्हाला आधी वाटेल, नंतर वाटेल. घाई कशाला?

जागा_बाप

आमचं आठ महिन्यांचं आहे. आत्ता पहाटे त्यालाच मांडीवर घेऊन एका बोटाने टाइप करतोय.

दोनदा_आई यांचं पटलं, पण अर्धंच. विचारणं बंद केलं तर तेही अंगाशी येतं. मी बिचारीला त्रास नको म्हणून गप्प राहायचो आणि सातव्या महिन्यात ऐकलं, "तुला काही पडलेलीच नाहीये." त्यामुळे विचारा, पण बाळाचं नको, तिचं विचारा. पाठ कशी आहे, झोप झाली का, ऑफिसात आज कोणी डोकं खाल्लं का.

आणि रिपोर्ट वाचताय ना, मग तेच काम नीट करा. प्रत्येक तपासणीला बरोबर जा आणि प्रश्न लिहून न्या. आमच्याकडे तो कागद माझा असायचा. आतमध्ये डॉक्टर बोलतात तेव्हा तिला निम्मं ऐकूच यायचं नाही, ती आधीच टेबलावर आडवी असायची. चोवीस ते अठ्ठावीसमध्ये साखरेची तपासणी असते, ती धरून ठेवा. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम द्यायची नसते, मध्ये काही तास जावे लागतात, ते वेळापत्रक तुम्ही सांभाळा. अठ्ठावीसनंतर तिने कुशीवर झोपायचं असतं. झोपेत पाठीवर वळली तर घाबरून गदागदा हलवू नका, जाग आली की पुन्हा कुशीवर वळायचं, एवढंच.

हाताला लागत नाही म्हणताय तर आवाज द्या. चोविसाव्या-पंचविसाव्याच्या सुमारास बाळ आवाजाला दाद द्यायला लागतं. जाड आवाज आत जास्त पोचतो असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. बोलायचं काय, हे मला सुचेना. शेवटी वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक वाचून दाखवलं, मराठीतलं आणि मग हिंदीतलं. बायको हसून हसून रडली. बाळाने माझा आवाज ओळखला का, माहीत नाही. मशीन लावलं की झोपतं एवढं खरं.

अजून एक. छताकडे बघत पडणं एखाद-दोन रात्री ठीक. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, कशातच मन लागत नसेल, तर स्वतःसाठी डॉक्टर गाठा. या काळात दहातल्या एखाद्या बापाला नैराश्य येतं. मला आलं होतं. "तिला एवढं होतंय, मला काय धाड भरलीय?" यात तीन महिने गेले.

काठावरचा

हे मी लिहितेय, "बायको". तो अंघोळीला गेलाय, फोन उघडा होता, सगळं वाचलं.

मी निवांत झोपते हे त्याला कोणी सांगितलं? मी डोळे मिटून पडते. जागी आहे असं दिसलं की तो हळूच म्हणतो, "झोपली नाहीस? मी काय म्हणत होतो, त्या दीड सेंटिमीटरचं…" डॉक्टर काळजी नको म्हणाल्या तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, हा कागदाकडे. मला त्यांचा चेहरा पटला. तरी रात्री दोनला मलाही तेच आठवतं.

आणि आनंदाचं मी सहज विचारलं नव्हतं. मलाच नक्की कळत नव्हतं म्हणून विचारलं. सगळ्यांना वाटतं पोटात आहे म्हणजे हिला सगळं कळत असणार. मला एवढंच कळतं की आत काहीतरी माझ्या परवानगीशिवाय हलतंय. कधी छान वाटतं, कधी मीटिंगमध्ये दचकायला होतं. ते "बाळ" आहे असं मलाही अजून रोज वाटत नाही. हे आईला सांगितलं तर ती रडेल, सासूबाईंना सांगायची सोय नाही. खोड काका, तुमचा शर्टाचा किस्सा वाचून फार बरं वाटलं.

रात्रपाळी ताई, एक विचारायचं होतं. पटकन उठलं किंवा शिंकलं की खाली एका बाजूला ओढल्यासारखी कळ येते, क्षणभरच. त्याला मुद्दाम सांगितलं नाहीये, का ते वर दिसतंच आहे.

रात्रपाळी

गर्भाशयाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे बंध असतात, ते ताणले जातात तेव्हा अशी कळ येते. दुसऱ्या तिमाहीत ही तक्रार नेहमीची आहे. उठताना आधी कुशीवर वळा, मग हातावर भार देऊन उठा. शिंक येतेय असं वाटलं की थोडं पुढे वाका. पण पोट थांबून थांबून, ठरावीक वेळाने आवळत असेल, पाणी गेल्यासारखं वाटलं, ताप आला किंवा लघवीला जळजळ होत असेल तर ही कळ तसली नाही, लगेच दाखवायचं. आणि पुढच्या भेटीत हे डॉक्टरांच्या कानावर घालाच. नवऱ्यालाही सांगा हो. त्याच्या यादीत एक ओळ वाढेल, त्याला बरंच वाटेल.

दोनदा_आई

अगं, मला तर पहिल्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत वाटत होतं की कोणाचं तरी दुसऱ्याचं सामान सांभाळतेय. बोलली नाहीस कोणाजवळ एवढंच. आम्ही तरी कुठे बोललो.

काठावरचा

आता मी आहे. वरचं वाचलं. कळेचं तिने आत्ताच सांगितलं, यादीत लिहून घेतलंय.

जागा_बाप, लोहाची गोळी ती सकाळी घेते आणि कॅल्शियम दुपारी जेवणानंतर. एवढं अंतर पुरेल ना? की कॅल्शियम रात्री ढकलू?