पहिला डीएसएलआर घेतोय: नवा कॅनन १५००डी घेऊ की वापरलेला निकॉन डी३५००? (नाशिक)

गोदाकाठचा:
नमस्कार मंडळी, पहिला कॅमेरा घ्यायचाय आणि गेले पंधरा दिवस यूट्यूब बघून बघून डोकं पार भंजाळलंय म्हणून शेवटी इथे विचारतोय. आतापर्यंत सगळं मोबाईलवरच काढलं. मागच्या डिसेंबरात मित्रांबरोबर नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलो होतो, चापडगावच्या बाजूने, तिथे पहिल्यांदा दुर्बिणीतून जांभळी पाणकोंबडी बघितली आणि तो रंग बघून बोलतीच बंद झाली, मग मोबाईल झूम करून फोटो काढला तर त्यात नुसता एक जांभळा डाग. तेव्हाच ठरवलं की पुढच्या थंडीच्या आत कॅमेरा घ्यायचा.

तर पक्षी हे मुख्य. दुसरं म्हणजे राहायला पंचवटीत, त्यामुळे संध्याकाळी रामकुंडावर फेरी असतेच, तिथली आरती, पाण्यातले दिवे, पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीला पाणी चढतं ते, हे सगळं काढायचंय. व्हिडिओ जवळजवळ नाहीच.

बजेट ४५ हजार, ओव्हरटाइमचे साठवलेत, हप्ते नकोत. दोन गोष्टी समोर आहेत. एम.जी. रोडच्या दुकानात नवा कॅनन १५००डी, १८-५५ (जवळचं) आणि ५५-२५० (लांबचं) एमएम अशा दोन लेन्ससकट, बजेटमध्ये जेमतेम बसतोय. आणि इंदिरानगरमधल्या एका गृहस्थांचा वापरलेला निकॉन डी३५००, त्याच्याबरोबर १८-५५ आणि ७०-३००, ३४ हजार म्हणतायत. दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, मग फरक नेमका कशात? दुकानदार म्हणाला निकॉनचं ते मॉडेल बंद झालंय, जुनं कशाला घेता. घरच्यांचंही तेच मत, की पैसे देऊन दुसऱ्याची वस्तू का आणायची. कुणी दोन्ही वापरले असतील तर प्लीज सांगा.

सिडको_क्लिक्स:
भाऊ, मी चार वर्षं १५००डी वापरतोय, नवा घे असं माझं स्पष्ट मत. पहिला कॅमेरा आहे, काही झालं तर बिल घेऊन जाता येतं, वॉरंटी आहे. दुसरं म्हणजे आजूबाजूला कॅननवाले भरपूर आहेत, मी मित्राची ५०एमएम एफ १.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितका जास्त प्रकाश आत) पंधरा पंधरा दिवस आणून वापरलीये, मग स्वतःची घेतली. कॅननची लेन्स निकॉनला लागत नाही आणि निकॉनची कॅननला, त्यामुळे तुझ्या ओळखीत कोण काय वापरतं ते आधी बघ, सुरुवातीला याचा लई फायदा होतो.

घरगुती कार्यक्रम, हळद, बारसं, यात चेहऱ्याचे रंग कॅननमध्ये काही न करता छान येतात. वायफाय आहे, फोटो पूर्ण साइजमध्ये मोबाईलवर घेता येतात. डी३५०० मध्ये नुसतं ब्लूटूथ आहे, त्यावरून आपोआप येतात ते फोटो २ मेगापिक्सेलचे, घरच्या ग्रुपवर टाकायला ठीक, प्रिंटला नाही.

घेताना एक बघ, १८-५५ वर आयएस, म्हणजे हात हलला तरी फोटो सावरायची सोय, लिहिलेलं पाहिजे. आयएस नसलेली १८-५५ पण असते आणि दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात.

चित्रबलाक:
मी दर थंडीत नांदूरमध्यमेश्वरला जाते, आठ वर्षं झाली, आधी कॅनन होता आता निकॉन आहे, त्यामुळे थोडं मोठं लिहिते, वाचा.

तुम्ही स्वतःच लिहिलंय की पक्षी मुख्य. मग १८-५५ बाजूला ठेवा आणि लांबची लेन्स आणि फोकस एवढंच बघा. १५००डी ला ९ फोकस पॉइंट आणि सेकंदाला ३ फोटो, डी३५०० ला ११ पॉइंट आणि सेकंदाला ५. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण शेकाट्यांचा थवा पाण्यावरून उठतो ना, तो सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा असतो, त्यात ८ फोटो मिळणं आणि १३ मिळणं यात पंख वर असलेला एखादा फोटो हाती लागतो किंवा सुटतो. माझे कॅननवरचे कितीतरी थवे असेच गेले, पंख खाली, मान वळलेली.

लेन्सचं सांगते. कॅननचा सेन्सर थोडा लहान, त्यामुळे २५० ची लेन्स फुल फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या) हिशोबात ४०० सारखी दिसते. निकॉनची ३०० जाते ४५० पर्यंत. आपल्याकडे पक्षी लांब असतात, पक्षी बघायच्या मनोऱ्यावरून तर फारच लांब, तिथे हे ५० सुद्धा कामी येतं. तरी ४५० मध्येही चक्रवाक फ्रेमभर येईल अशी आशा ठेवू नका, क्रॉप करावंच लागतं, आणि २४ मेगापिक्सेलचा खरा उपयोग तिथेच होतो. क्रॉप करून सावलीचा भाग उजळला की १५००डी च्या फोटोत दाणे लवकर दिसायला लागतात, डी३५०० चा सेन्सर यात बराच पुढे आहे, हे मी दोन्हींच्या रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइल शेजारी शेजारी ठेवून पाहिलंय. हळदीकुंकू बदक अंगाने गडद असतं, सकाळी उन्हाच्या विरुद्ध बाजूने काढलं की पिसांचे खवले दिसायला सावली उजळावीच लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ती ७०-३०० नेमकी कोणती ते विचारा. निकॉनची एएफ-पी डीएक्स ७०-३०० दोन प्रकारची आहे, एक व्हीआर (कॅननच्या आयएससारखीच सोय) असलेली आणि एक नसलेली, दिसायला जुळ्या बहिणी. लेन्सवर व्हीआर अक्षरं असतील तरच घ्या, नसतील तर ३०० वर हात हलून निम्मे फोटो जातील आणि ३४ हजार जास्त आहेत. लेन्सवर व्हीआरचं बटण नसतं, ते कॅमेऱ्याच्या मेनूत असतं, त्यामुळे बटण दिसलं नाही म्हणून घाबरू नका, अक्षरं वाचा.

बॅटरीचंही बघा. कंपनीच्या आकड्यात १५००डी ५०० फोटो, डी३५०० १५५०. पहाटे साडेपाचला नाशिकहून निघायचं, दुपारी परत, मध्ये चार्जिंग कुठे शोधणार? मी निकॉन घेतल्यापासून दुसरी बॅटरी बरोबर नेलीच नाही.

गोदाकाठचा:
ताई, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप खूप धन्यवाद. लगेच त्या गृहस्थांना फोन केला, लेन्सवर व्हीआर आहे म्हणाले, फोटोही पाठवला. मग आता दोन शंका. रामकुंडावर संध्याकाळी अंधारात यातलं कुठलं बरं? आणि वापरलेला कॅमेरा तपासायचा कसा, मला तर चालू-बंद करण्यापलीकडे काही कळत नाही.

जुनी_लेन्स:
तपासण्याचं मी सांगतो कारण मी फसलोय. तीन वर्षांपूर्वी एकाकडून झूम लेन्स घेतली, बाहेरून नव्यासारखी, दोन महिन्यांनी कळलं की आत बुरशी आहे. उन्हाच्या दिशेने काढलेले सगळे फोटो धुरकट. साफ करायला जेवढे सांगितले त्यात थोडी भर घालून दुसरी लेन्स आली असती. बायकोच्या वाढदिवसाला त्र्यंबकला गेलो होतो त्याचे सगळे फोटो त्या लेन्सचे आहेत, अजून वाईट वाटतं.

म्हणून, दिवसा जा, स्वतःचं रिकामं मेमरी कार्ड घेऊन जा. लेन्स काढायला सांग, मागच्या बाजूने मोबाईलचा टॉर्च मार आणि पुढून तिरकं बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर सरळ उठून ये, भाव कमी केला तरी नको. धुळीचे दोन-चार कण चालतात, त्याने फोटोला काही होत नाही. मग ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश घ्यायचं छिद्र, एफ १६ ला नेऊन मोकळ्या आकाशाचा फोटो काढ, त्यात काळपट ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. या दोन्ही मॉडेलना सेन्सर आपोआप झटकायची सोय नाहीये, त्यामुळे थोडी धूळ असणारच, ब्लोअरने जाते. न गेलेले डाग म्हणजे सफाईचा खर्च, तेवढे पैसे कमी करून माग. लेन्सचं टोपण लावून दहा-पंधरा सेकंदांचा एक काळा फोटो काढ, घरी मोठ्या स्क्रीनवर बघ, रंगीत ठिपक्यांचा सडा पडला नाही ना.

आणि शटर किती वेळा पडलंय, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत, ते निकॉनमध्ये फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेलं असतं. तुझ्या कार्डवर एक फोटो काढ, एडिट न करता, व्हॉट्सॲपवरून न पाठवता तीच फाइल शटर काउंट दाखवणाऱ्या साइटवर टाक, आकडा येतो. मालक म्हणाले फक्त घरी वापरला आणि आकडा ६० हजार निघाला तर समजून जायचं. आठ-दहा हजार असेल तर कॅमेऱ्याने अजून काहीच बघितलेलं नाही. मूळ बिल आणि खोकं माग, बिलावरचा नंबर आणि कॅमेऱ्याखालचा नंबर एकच पाहिजे.

घेतल्यावर पावसाळ्यात बॅगेत कोंडून ठेवू नको. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, बास. मी आता तसंच करतो.

गंगापूररोडची_मीरा:
मॉडेल बंद झालंय हे दुकानदार खरं बोलला, पण अर्धंच. निकॉनने २०२० नंतर एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही आणि कॅननचाही सगळा जोर आता मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर) आहे, १५००डी स्वतः २०१८ चा आहे, डी३५०० पण २०१८ चाच. म्हणजे दुकानातला नवा असला तरी तंत्र त्याच वर्षाचं. लेन्स वाया जातील ही भीती नको, उद्या मिररलेस घेतलात तर दोन्ही कंपन्यांचे अडॅप्टर आहेत आणि त्यावर या लेन्सचा ऑटोफोकस चालतो. व्हिडिओ हवा असता तर मी कॅनन २००डी मार्क २ म्हटलं असतं, त्याचा स्क्रीन वळतो, टच आहे, लाइव्ह व्ह्यूमधला (स्क्रीनवर बघून काढतानाचा) फोकस फार छान आहे, पण तुम्हाला नकोय तर तो विषय सोडा.

चित्रबलाक:
रामकुंडाचं राहिलं. संध्याकाळच्या आरतीला दोन्ही किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या १८-५५) कमी पडतील, बॉडी कुठलीही असो. ३५ वर किट लेन्स एफ ४.५ च्या पुढे उघडत नाही. तिथे ३५एमएम एफ १.८ लावली की साधारण सहापट प्रकाश आत येतो, म्हणजे जिथे आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवली की दाणे येतात) ६४०० लागत होता तिथे हजाराच्या आसपास भागतं आणि दिव्याच्या उजेडातला चेहरा स्वच्छ येतो. तुमचे ४५ मधून ३४ गेले तर ११ उरतात ना, ते या लेन्ससाठी ठेवा. नव्या कॅननमध्ये सगळे पैसे पहिल्याच दिवशी संपतायत आणि रामकुंड मोबाईलवरच राहतंय, मला हे जास्त खटकतं.

मात्र निकॉनची लेन्स घेताना एएफ-एस किंवा एएफ-पी हेच नाव बघा. जुन्या एएफ डी लेन्स स्वस्तात मिळतात, ५०एमएम १.८डी तर फारच, पण डी३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, तिच्यावर हाताने फोकस करावा लागेल आणि आरतीच्या गर्दीत ते जमत नाही.

सिडको_क्लिक्स:
ताईंचं ११ हजारांचं गणित पटलं. मी वॉरंटीसाठी म्हणत होतो, आणि ज्याला तपासता येत नाही त्याला मी अजूनही नवाच सांगेन. पण इथे तपासून घेता येतोय, तर पक्ष्यांसाठी निकॉन घे. रविवारी मी मोकळा आहे, इंदिरानगर मला पाच मिनिटांवर, बरोबर येतो.

गोदाकाठचा:
मंडळी, घेतला! दादा बरोबर आले होते, त्यांनी टॉर्च मारून दोन्ही लेन्स बघितल्या, स्वच्छ निघाल्या. शटर काउंट ७ हजार २०० च्या आसपास. आकाशाच्या फोटोत वरच्या कोपऱ्यात दोन ठिपके होते ते ब्लोअरने गेले. बिल होतं, नंबर जुळला, ३२ हजार ५०० ला दिला. ते गृहस्थ म्हणाले मुलगी झाली तेव्हा तिच्यासाठी घेतला होता, आता सगळं मोबाईलवरच काढतात. देताना बॅग, दोन कार्डं आणि न वापरलेला लेन्स हूडही दिला.

कालच घाटावर नेला. गाइड मोडवर ठेवून वीसेक फोटो काढले, मग ताईंच्या सांगण्यावरून ए मोड (ॲपर्चर आपण ठरवायचं, बाकी कॅमेरा) लावला. अंधार पडल्यावर सगळे फोटो हलले, ३५ ची लेन्स यायची आहे अजून. पण त्याआधी उजेड होता तेव्हा नारोशंकराच्या देवळावर एक खंड्या येऊन बसला होता, ३०० वर काढला, त्याच्या चोचीतलं पाणी दिसतंय फोटोत. आईला दाखवला, तिने तीनदा मोठा करून बघितला.

ताई, शनिवारी पहाटे नांदूरला जातोय. उडणाऱ्या पक्ष्यांना शटर किती ठेवू आणि फोकस कुठल्या मोडवर?

चित्रबलाक:
अभिनंदन! फोकस एएफ-सी वर (हलत्या पक्ष्यावर सतत फोकस धरणारा मोड), मधला एकच पॉइंट, शटर १/१६०० सेकंदापेक्षा सावकाश नको, बसलेल्या पक्ष्याला १/५०० पुरे. आयएसओ ऑटो, कमाल ३२००. सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरा आणि आवाज न करता अर्धा तास नुसते बसा, पक्षी आपणहून जवळ येतात, त्यांच्या मागे चिखलात उतरू नका. शनिवारी मीही खाणगाव थडीच्या बाजूला आहे, सातपर्यंत पोचा.