गुडघेदुखीवाल्या आईला सिंधुदुर्ग किल्ल्यात कसं न्यावं?

मुक्ता_ठाणे:
जानेवारीत आईला घेऊन मालवणला जातेय. आई एकाहत्तरची, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. तिला फक्त किल्ल्यातल्या शिवराजेश्वराचं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या देवळातलं, दर्शन घ्यायचंय. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ती मालवणला गेली होती, पण तेव्हा मी पोटात होते म्हणून आजीने होडीत बसू दिलं नाही. धक्क्यावर उभं राहून लांबून किल्ला बघितला नि परत आली. दर दोन वर्षांनी हे मला ऐकवलं जातं, जशी काही चूक माझीच.

पौष वद्य सप्तमीच्या आसपास चार दिवस रजा आहे. एकाने पॅकेज सांगितलंय: एका दिवसात डॉल्फिन, त्सुनामी बेट, स्कुबा, पॅरासेलिंग आणि किल्ला. घ्यावं का? होडीत चढणं-उतरणं आईला जमेल का?

सह्याद्रीतला_भटक्या:
पॅकेज अजिबात नको. आम्ही घेतलं होतं. सकाळी डॉल्फिनच्या होडीत साडूभाऊंना जे ओकायला लागलं ते दुपारी जेवणाच्या ताटापर्यंत. किल्ल्यात पोचलो तेव्हा अर्धे लोक सावली शोधून बसलेले. आणि त्सुनामी बेट म्हणजे कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, नाव ऐकून फार अपेक्षा ठेवू नका. गुडघाभर पाण्यात उभं राहून भजी खायची, एवढंच. मुलांना मात्र जाम आवडतं.

दांडीकर:
मुक्ताताई, मी मालवणचाच, घर दांडीच्या किनाऱ्याला. घड्याळ जरा बाजूला ठेवा आणि कालनिर्णय उघडा.

आमच्याकडे जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, मधे सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. मिनिटाला मिनिट जुळणार नाही, पण बेत आखायला पुरतो.

तुमच्या सप्तमीला भरती सव्वापाचला, म्हणजे साडेअकराच्या सुमाराला पाणी सगळ्यात खाली. पर्यटक नेमका तेव्हाच धक्क्यावर येतो. होडी खाली गेलेली असते, नि म्हाताऱ्या माणसाला पाय टाकायला एक पायरी वाढते. ती एकच पायरी जड जाते. तसे ते भांगाचे दिवस, पाणी उधाणाइतकं उतरत नाही, हा दिलासा. तीननंतर जाल तर पाणी चढतं असेल, पण दुपारी वारा सुटतो आणि होडी डुलते.

त्यापेक्षा रजा पुढे सरकते का बघा. एकादशीला भरती सव्वाआठला. सकाळचा वारा पडलेला, पाणी वर आलेलं. पहिल्या होडीत बसा. परतीची होडी कधी ते चढतानाच विचारून घ्या.

किल्ला कुरटे बेटावर आहे, बांधकाम १६६४ ला सुरू झालं. तट फिरायच्या फंदात पडू नका, जवळजवळ तीन किलोमीटर आहे. देवळात महाराजांना दाढी नाही, आईंना आधी सांगून ठेवा, लोक चक्रावतात. मग दूधबाव, साखरबाव, दहीबाव बघा. चारी बाजूंनी खारं पाणी, पण या तिन्ही विहिरींना गोडं.

स्कुबा तुम्ही एकट्या करा, दुसऱ्या दिवशी. पॅरासेलिंगबद्दल मला विचारू नका, मी त्या दोराच्या खाली मासे मारतो.

कोडवाला_बाणेर:
काका, भरती-ओहोटीचं कोष्टक मोबाईलवर मिळतं हो. पाऊणपट कशाला?

दांडीकर:
मिळता. रेंज गेल्यावर सांग.

मुक्ता_ठाणे (तीन आठवड्यांनी):
जाऊन आलो! रजा सरकवायला साहेबांना थोडं खोटं बोलावं लागलं. एकादशीला पावणेआठलाच धक्क्यावर हजर. पाणी खरंच वर होतं, होडीचा काठ जवळपास धक्क्याच्या बरोबरीला. होडीतला मुलगा आईला म्हणाला, "आये, माझो हात धर, पाण्याक बघू नको." तिने एका दमात पाय टाकला. मग मलाच दम देते, "बस खाली, हलवू नकोस."

देवळात दहा मिनिटं काही बोलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "दाढी नाही तरी महाराजच दिसतात." दहीबावचं पाणी चाखायचं होतं, पण मी पडले पोट सांभाळणारी, बाटलीतलंच दिलं. त्यावरून परतीच्या होडीत अबोला.

दुसऱ्या दिवशी देवबागला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते. मी दोराला हात लावला तर ओंजळभर तारली मिळाली. तळव्याला फोड आले, ते वेगळं.

दांडीकरकाका, एक हिशोब मात्र तुम्ही सांगितला नाहीत. एकादशी म्हणजे आईचा उपवास. समोर तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, आणि ही रताळ्याचा कीस खातेय. माझ्या ताटाकडे बघून म्हणाली, "पुढच्या वेळी द्वादशीची भरती बघ."

दांडीकर:
नऊला.