कॉम्पॅक्टरवरचा मागचा कॅमेरा टिकतच नाही, मदत हवी आहे

मंडळी, भांडुप-मुलुंड पट्ट्यात आमचे कचऱ्याचे कॉम्पॅक्टर (कचरा दाबून भरणाऱ्या गाड्या) चालतात, गाड्या कांजूरमार्गच्या डम्पिंग ग्राउंडवर रिकाम्या होतात. जीपीएसबद्दल तक्रार नाही. एआयएस १४० (गाडीच्या ट्रॅकिंगचं भारतीय मानक) चं यंत्र आहे, गाडीची बॅटरी काढली तरी आतल्या बॅटरीवर लोकेशन पाठवतं.

डोकेदुखी कॅमेऱ्यांची आहे, त्यातही मागच्या. तो हॉपरच्या, म्हणजे मागे कचरा टाकतात त्या तोंडाच्या, वर बसवलाय. प्लेट कचरा दाबते तेव्हा ओल्या कचऱ्याचं काळं पाणी थेट काचेवर उडतं. क्लीनर फडकं मारतो, म्हणजे तेलकटपणा सगळीकडे फासतो. त्यात भर म्हणजे गाडी प्रेशरच्या पाण्याने धुतात. कॅमेरा आयपी ६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाची श्रेणी) चा, म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडाला तर ठीक, प्रेशरच्या फवाऱ्यासाठी नव्हे. आत वाफ धरतेच.

शिवाय हायड्रॉलिक सुरू झालं की नेमकं तेव्हाच रेकॉर्डिंग तुटतं. डीव्हीआरमध्ये (रेकॉर्डिंगचा डबा) साधी हार्ड डिस्क आहे, ती हादऱ्यांनी अडखळू शकते. विक्रेता म्हणतो वायरिंग बघा, इलेक्ट्रिशियन म्हणतो डीव्हीआर बदला. दोघांच्या मध्ये मी!

आयपी ६९के (प्रेशरच्या गरम फवाऱ्यालाही टिकणारा) कॅमेरा कोणी वापरलाय का? हार्ड डिस्कऐवजी एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) टाकल्यावर रेकॉर्डिंगचा खंड थांबला, की २४ व्होल्टच्या लाइनवर वेगळा स्टॅबिलायझर लावावा लागला? पावसाळ्याआधी निकाल लावायचाय. अनुभव असलेल्यांनीच सांगा, जाहिराती नकोत.