उद्देशिका म्हणजे ओड, की संविधानाचं पहिलं पान?

लश्करवाली : भाची इंग्रजीत एम. ए. करतेय. परवा विचारत होती, "मावशी, ओड या काव्यप्रकाराला मराठीत काय म्हणतात गं?" कोश काढून सांगितलं, उद्देशिका. तिला हसूच आवरेना. "ती तर संविधानाची असते!" इथे ग्वाल्हेरच्या हिंदी पाठ्यपुस्तकांत सुरुवातीलाच ठळक अक्षरांत 'उद्देशिका' छापलेली असते ना. मग एकच शब्द दोन्हीकडे कसा? आणि कुणाला उद्देशून लिहिलं की झाली का ओड? (ओढ नव्हे हं, मोबाईल सारखा 'ढ' करतोय.)

जुना मास्तर : ताई, धातू एकच, दिश्, म्हणजे दाखवणे. संविधानातली 'उद्देश' सांगते, कवितेतली 'उद्देशून' बोलते. विलापावरून विलापिका, म्हणजे शोककविता, तशी ही. सुनीत कानाला सॉनेटच्या जवळचं, ते रुजलं. उद्देशिका मात्र कोशात आणि प्रश्नपत्रिकेत राहिली.

'ओड'च्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता 'गाणं'. ग्रीक कवी पिंडार इ. स. पू. पाचव्या शतकात क्रीडास्पर्धांतल्या विजेत्यांवर लिहायचा, आणि ते समूहाने गायचं. तीन-तीन कडव्यांचा जुडगा : पहिली दोन एका मापाची, तिसरं निराळं. गाणारे पहिल्या कडव्याला एका दिशेने फिरत, दुसऱ्याला उलट, तिसऱ्याला उभे राहत असं सांगतात. रोमन कवी होरेसचं त्याउलट, शांत बैठकीतलं बोलणं, बहुतेक चार-चार ओळींची सारखी कडवी. इंग्रज कवी काउलीने १६५६ साली पिंडारच्या नावावर मापंच मोकळी सोडली. त्यामुळे 'ओडचा साचा सांगा' या प्रश्नाला एका ओळीत उत्तर नाही.

बाड्यावरचा : मास्तर, उद्देशून तर आरतीही असते!

जुना मास्तर : असते की. पण आरतीत मागणं असतं, आणि ती म्हणणारा शेवटपर्यंत देवासमोरच उभा असतो. ओडमध्ये समोरच्या गोष्टीशी बोलता बोलता विचार चढतो, कुठेतरी वळतो, आणि बऱ्याचदा कवी स्वतःपाशी येऊन थांबतो. इंग्रज कवी कीट्सची १८१९ची नाइटिंगेल पक्ष्यावरची ओड घ्या. आठ कडवी, प्रत्येकी दहा ओळी, आणि प्रत्येक कडव्यात आठवी ओळ आखूड. मोठ्याने वाचलंत तर तिथे पाय एक पायरी चुकल्यासारखा होतो. सातव्या कडव्याच्या शेवटचा शब्द आठव्याच्या सुरुवातीला पुन्हा येतो, घंटेसारखा, आणि पक्ष्यामागे गेलेला कवी भानावर येतो. माझ्या मते ओड कळायची तर ही जागा कळली पाहिजे. बाकी व्याख्या पाठ करून काही होत नाही.

बाड्यावरचा : मग आपल्या ग्वाल्हेरच्या राजकवींची, तांब्यांची 'मावळत्या दिनकरा'? सूर्याला हाक आहे, अर्घ्य आहे, आणि उगवत्याला नमस्कार करून मावळत्याकडे पाठ फिरवणाऱ्या जगावर विचारही आहे.

जुना मास्तर : हाक ओडची, बांधणी पदाची. पालुपद दरवेळी हात धरून मागे आणतं, ओडला लागतो तसा लांब पल्ला मिळत नाही. मी तिला उद्देशिका म्हणणार नाही. भावगीतच.

बाड्यावरचा : पालुपद असलं म्हणून विचार वळत नाही होय? मला नाही पटत.

लश्करवाली : भाचीला आत्ताच लताबाईंच्या आवाजातलं लावून दिलं. शब्द निम्मेच कळले म्हणाली, पण पहिली ओळ ऐकताच विचारलं, "मावशी, हे सूर्याला 'तू' म्हणतायत ना?" वहीत तिने 'ओड' असंच लिहिलंय. उद्देशिका कंसात.