विद्यापीठात येण्यापूर्वी आपण काय करत होतात?

सेवापुस्तकात शैक्षणिक अर्हता असते, अंगावरची ओळखखूणही असते. परंतु नोकरीपूर्वी हाताला कोणते काम होते, यासाठी रकाना नाही. मी नऊ वर्षे मोंढ्यात अडतीवर मुनीम होतो. हमाली, तोलाई, अडत वजा जाता शेतकऱ्याच्या हातात किती पडणार, हे हिशेबाच्या पट्टीवर एका नजरेत दिसले पाहिजे, अशी आमच्या सेठजींची सक्त ताकीद असे. आज मी संशोधन प्रकल्पांचे हिशेब पाहतो आणि त्याच सवयीने खर्चाच्या प्रत्येक शीर्षाखाली शिल्लक आधी मांडतो. त्यामुळे मार्चअखेरीस उपयोगिता प्रमाणपत्रासाठी, म्हणजे निधी ठरल्या कामी खर्च झाल्याच्या दाखल्यासाठी, आमच्याकडे धावाधाव होत नाही. संभाजीनगर, परभणी, नांदेड येथील विद्यापीठांत असे वेगवेगळ्या वाटांनी आलेले पुष्कळ लोक आहेत. त्यांनी पदनाम बाजूला ठेवून आधीचा धंदा सांगावा, आणि त्यातले आज काय कामी येते तेही लिहावे.

पूर्वी मोटार रिवायंडिंग, आता उपकरणांची देखभाल

शेतपंपाच्या मोटारी भरण्याचे माझे दुकान होते. रात्रीची वीज, कमी दाब, आणि सकाळी जळालेली मोटार घेऊन दारात उभा राहिलेला शेतकरी, हाच अकरा वर्षांचा दिनक्रम. प्रयोगशाळेतील उणे 80 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन कॉम्प्रेसर असतात. पहिला दुसऱ्याचा वायू थंड करतो आणि दुसरा आतला कप्पा. त्यामुळे पहिला दमला की दुसऱ्याचेही काही चालत नाही. एका विभागातला फ्रीझर एप्रिलमध्ये उणे 60 च्या खाली उतरेना. गॅस कमी झाला आहे, असे दुरुस्तीला आलेल्या माणसाचे मत पडले. मी पुढची जाळी काढली, तर तिच्यामागे धूळ आणि कापसाची रुई यांची बोटभर गादी बसलेली. शिवाय वॉर्निश तापल्याचा तो ओळखीचा वास, जो मी झोपेतही ओळखीन. मीटर लावला तेव्हा दाब 185 व्होल्ट होता. जाळी धुतली, स्थिरदाब यंत्र बसवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काटा उणे 78 वर होता. आतले नमुने एका विद्यार्थिनीच्या चार वर्षांच्या कामाचे होते, हे मला नंतर कळले. आधी कळले असते तर हात थरथरला असता.

पूर्वी एसटीत वाहक, आता ग्रंथालयात देवघेव

चेहरे लक्षात राहतात आणि सुट्ट्या पैशांवरून वाद होत नाहीत. माझ्याकडे सांगण्यासारखे एवढेच आहे.

पूर्वी बियाण्याच्या प्लॉटवर मजुरी, आता कापूस प्रक्षेत्रावर

मी सांगत आहे, लिहीत मुलगी आहे. सासरी आल्यावर मी कापसाचे क्रॉसिंग, म्हणजे दोन वाणांचा संकर करणे, शिकले. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर ओळखायची, अंगठ्याच्या नखाने तिच्या पाकळ्या आणि पुंकेसरांची टोपी एका फिरकीत काढायची, मधली काडी मात्र शाबूत ठेवायची, आणि खुणेची पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी नऊ-दहाच्या सुमारास नराचे फूल त्यावर हलके फिरवायचे; एका नरफुलात चार-पाच कळ्या होतात. मधेच पावसाची भुरभुर आली तर थांबावे लागते, कारण पाणी लागले की पराग फुटतात. नांदेड 44 या संकरित वाणाचे नाव आमच्याकडे घरोघर होते, पण त्याचे बी अशा नखांमधून निघते हे फार थोड्यांना ठाऊक होते. शिकणारी मुले हेच काम चिमट्याने करतात. चिमट्याने वेळ लागतो, काडीला ओरखडा जातो आणि बोंड धरत नाही. मी डाव्या अंगठ्याचे नख वाढवलेले आहे. भाकरी थापताना त्याची अडचण होते, पण हंगामात ते कापत नाही.

पूर्वी तोफखान्यात हवालदार, आता कृषी वेधशाळेत

तोफगोळा कुठे पडणार, यात वारा आणि तापमान यांचा हिशेब असतो. म्हणून नोंदीची शिस्त अंगातच होती. परभणीत सकाळची नोंद स्थानिक वेळेनुसार सात वाजता घ्यायची असते. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची. परभणी त्याच्या पश्चिमेस सुमारे पावणेसहा अंश, आणि दर अंशाला चार मिनिटे. म्हणजे मनगटावर 7 वाजून 23 मिनिटे झाली की मी तापमापकासमोर उभा असतो. पाऊस मात्र प्रमाणवेळेनुसार साडेआठला मोजतात. पाऊस नसलेल्या दिवशीही नरसाळे उचलून पाहायचे आणि मगच शून्य लिहायचे. न पाहता शून्य लिहिणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्याविषयी अधिक न लिहिणे बरे.

पूर्वी तहसीलबाहेर अर्जनवीस, आता इतिहासाच्या प्रकल्पात

मी उर्दू शिकलो ते वडिलांच्या बाकड्यावर बसून. निजामाच्या राज्यात 1880 च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली, त्यामुळे आमच्या भागातील जुने महसुली कागद शिकस्त, म्हणजे घाईच्या मोडक्या वळणाच्या, उर्दूत आहेत, आणि लोकांना वारसाच्या नोंदीसाठी ते वाचून हवे असत. प्रकल्पात आलो तेव्हा फसली सनात (निजामाच्या राज्यातील महसुली वर्षात) 590 मिळवून इसवी सन काढण्याची पद्धत सर्रास चालू होती. परंतु संस्थानातले फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास, बदलते. म्हणून जानेवारीनंतरच्या कागदाला 591 मिळवावे लागतात. मी हे सांगितले तेव्हा एका अभ्यासकाने संदर्भ विचारला. मी म्हणालो, साहेब, वर्ष चुकले की पक्षकार फी देत नसे.

धागाकर्ता (सुरुवातीचा प्रश्न विचारणारा मुनीम)

प्रक्षेत्रावरच्या ताईंना एक सांगायचे आहे. यंदाच्या हंगामासाठी 40 चिमट्यांचे मागणीपत्र माझ्याच टेबलावर आहे. विभागाला विचारल्याशिवाय ते मी पुढे पाठवत नाही.