सीझियम लेड ब्रोमाइड : क्यूबिक झाल्यावर रामन सिग्नल जायला हवा ना?

केशरी_खडा : पीएचडीचं दुसरं वर्ष. डीएमएसओ या द्रावकातून वाढवलेला स्फटिक, करंगळीच्या नखाएवढा. हीटिंग स्टेजवर १५० अंशांपर्यंत नेला. साधारण ८८ला ऑर्थोरॉम्बिकचा टेट्रागोनल होतो, १३०ला क्यूबिक (अणूंच्या मांडण्या; क्यूबिक सगळ्यात सममित). क्यूबिकमध्ये पहिल्या क्रमाचं रामन (एकेका कंपनामुळे रंग बदलून परतणारा लेसरचा प्रकाश) शून्य, असं ग्रुप थिअरी, म्हणजे सममितीचं गणित, सांगते. माझ्या स्क्रीनवर मात्र शून्य फ्रिक्वेन्सीला खेटून भला मोठा डोंगर! गाइड म्हणतात फिल्टरमधून मूळ लेसरच गळतोय. दोन दिवस फिल्टरच जुळवतेय. वर डीएफटीत (कॉम्प्युटरवरच्या क्वांटम गणितात) क्यूबिकच्या फोनॉन, म्हणजे अणूंच्या सामूहिक कंपनांच्या, फ्रिक्वेन्सी ऋण येतात, ते वेगळंच.

लेन्सपुश्या : लेसर कुठला? ५३२ नॅनोमीटर (हिरवा) असेल तर विसर, स्फटिकच इतका चमकेल की रामन दिसणार नाही. आणि ठिपका न हलवता थंड करून बघ. गळतीला तापमानाशी काय देणंघेणं?

केशरी_खडा : ७८५. थंड केल्यावर डोंगर बराच बसला.

जुना_फोनॉनवाला : मग सोड तो फिल्टर. २०१७ला ओमर याफे आणि मंडळींनी याच स्फटिकात हा डोंगर दाखवलाय, फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये आहे.

ग्रुप थिअरी बरोबरच आहे, पण ती सरासरी रचनेबद्दल बोलते. कुठल्याही क्षणी आत बघशील तर ब्रोमिनचे अष्टफलक (प्रत्येक शिशाभोवती सहा ब्रोमिन) कललेले दिसतील. शेजारी-शेजारी एकच ब्रोमिन वाटून घेतात, त्यामुळे एक इकडे फिरला की पलीकडच्याला उलट फिरावंच लागतं, बिजागरीसारखं. त्यातच सीझियमही जागेवर डुलतोय.

तुझ्या ऋण फ्रिक्वेन्सी एम आणि आर बिंदूंवर (म्हणजे शेजारच्या पेशी उलट-सुलट हलतात अशा कंपनांत) असतील. पैज. तोच हा कल. ऊर्जेचा आलेख काढ: दोन खड्डे, मध्ये टेकडी, आणि नीटनेटका क्यूबिक बसलाय टेकडीच्या माथ्यावर. हार्मोनिक गणित (अणू स्प्रिंगला बांधलेत असं धरणारं) तिथलीच वक्रता मोजतं, मग दुसरं काय येणार? १५० अंशांवर अणू या खड्ड्यातून त्या खड्ड्यात रेंगाळत जातात. झोका नाही, ठेका नाही, म्हणून धड रेघ नाही. शून्याभोवती पसरलेला डोंगर.

पाच अणूंच्या पेशीत (क्यूबिकच्या सगळ्यात छोट्या एककात) हा कल मावतच नाही. निदान २×२×२, म्हणजे ४० अणू घे, आणि त्या तापमानाचं एमडी (अणूंच्या हालचालीचं सिम्युलेशन) चालव. (तापवताना सरकत-पसरत जाणारी रामन रेघ १९४०मध्ये रामन आणि नेदुंगडींनी क्वार्ट्झमध्ये पाहिली होती. आपल्याकडे कोणी सांगत नाही.)

केशरी_खडा : एम आणि आरच निघाले. गाइडना गरम-थंड दोन्ही आलेख शेजारी ठेवून दाखवले. "पाच-पाच अंशांनी परत घे," एवढंच म्हणाले. आत्ता ११५वर आहे.