धरणात जाणारं चर्च उचलून नेलं, तर ते जुनंच म्हणायचं का?

ओसरी (धागा): स्लोव्हाकियात पालुद्झा नावाचं गाव होतं. तिथे १७७४ मध्ये योझेफ लांग या सुताराने प्रॉटेस्टंटांसाठी अवाढव्य लाकडी चर्च बांधलं. सहा हजार माणसं मावतील एवढं. पुढे लिप्तोव्स्का मारा धरणात गाव जाणार म्हणून १९७४ ते १९८२ मध्ये ते उतरवून स्वेती क्रीझ गावाबाहेर पुन्हा उभारलं. अशी पाचच ‘आर्टिक्युलर’ (म्हणजे प्रॉटेस्टंटांना ठरावीक अटींवर बांधू दिलेली) लाकडी चर्च तिथे उरलीत. ह्रोन्सेक, लेश्तिनी आणि केझमारोकची चर्च २००८ साली जागतिक वारसा यादीत गेली, हे राहिलं. मला हा अन्याय वाटतो.

नदीकाठ: अन्याय कसला? वास्तू म्हणजे नुसतं लाकूड नव्हे. आमचं मूळ गाव उजनीच्या पाण्यात गेलं. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळही बुडालं; पाणी उतरलं की ते दिसतं आणि म्हातारी माणसं लांबून हात जोडतात. ते हात त्या जागेला असतात. त्याच लिप्तोव्स्का माराच्या काठावर मेरीमातेच्या जुन्या गॉथिक चर्चचा बुरूज जागेवर ठेवलाय. इथे गाव होतं, हे तो सांगतो. हलवलेलं चर्च ते सांगत नाही.

ओसरी: पण पालुद्झाची जागा प्रॉटेस्टंटांनी निवडली होती कुठे? १६८१ मध्ये हंगेरीतल्या शोप्रोन शहरात भरलेल्या सभेत कॅथलिक सम्राट लिओपोल्डच्या राजवटीने प्रॉटेस्टंटांना ठरावीक ठिकाणीच चर्च बांधायची मुभा दिली. त्या ठरावाच्या कलमांवरून, म्हणजे आर्टिकलवरून, हे नाव पडलं. गावाबाहेर बांधा, बुरूज नको, अशा अटी. ज्यांना जागा नेमून दिली गेली, त्यांचा जीव जमिनीपेक्षा एकत्र बसण्यात होता. ह्रोन्सेकला बघा: क्रुसाच्या आकाराचं घर, चहूबाजूंनी चढती बाकं, अकराशे माणसं. सगळ्यांना उपदेशकाचा शब्द ऐकू यावा म्हणून ही मांडणी.

खुंटीवाला: मी सुतारकाम करतो. आजोबांनी एक वाडा उतरवला होता. प्रत्येक तुळईला गेरूने आकडा, खांबालाही तोच आकडा, मग एकेक खुंटी ठोकून बाहेर. महिन्याने दुसऱ्या गावी तोच वाडा उभा. पालुद्झाचं चर्चही लोखंडी खिळ्यांशिवाय जोडलेलं आहे. खाच, जीभ, लाकडी खुंटी. खिळे असते तर उपसताना लाकूड फाटलं असतं. म्हणजे त्याची बांधणीच पुन्हा जोडता येणारी. लांगला लिहिता-वाचता येत नव्हतं असं सांगतात. त्याचं सगळं ज्ञान त्या सांध्यांत आहे, आणि सांधे सोबत गेले.

नदीकाठ: सांध्यांचं पटलं. हलवलं नसतं तर तेही बुडालं असतं, हेही मान्य. पण वाडा उतरवला तेव्हा जोतं मागेच राहिलं ना? पालुद्झाचं जोतं पाण्याखाली आहे. ह्रोन्सेकला ते अजून पायाखाली आहे. यादीत हा फरक धरायलाच हवा.

खुंटीवाला: जोत्याचे दगडही आजोबांनी बैलगाडीत घातले होते.